होकुलेआवर क्रू म्हणून जायचंय? नवख्यांसाठी तयारीपासून परतीपर्यंत

होकुलेआ ही हवाईची शिडाची समुद्रहोडी. दोन लांब हल (पाण्यात तरंगणारी पोकळ अंगं) आडव्या तुळयांनी जोडून बांधलेली. ८ मार्च १९७५ रोजी ती ओआहू बेटावर पाण्यात उतरली. पुढच्याच वर्षी माउईहून ताहितीपर्यंतचा सुमारे ४,००० किलोमीटरचा पल्ला तिनं होकायंत्र, नकाशा किंवा कुठलंही उपकरण न वापरता गाठला. त्या सफरीत वाट दाखवणारे माउ पिआइलुग मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटावरचे होते. १९८० मध्ये नाइनोआ थॉम्पसन यांनी त्याच पद्धतीनं ताहितीला नेऊन होडी परत आणली. २०१४ ते २०१७ या काळात होकुलेआनं पृथ्वीप्रदक्षिणा केली.

हे वाचून "आपणही जावं" असं वाटणाऱ्यांना ताऱ्यांबद्दल हवं तेवढं वाचायला मिळतं. मात्र ओल्या जागेत झोपायचं कसं, संडासला जायचं कुठे, ताणलेली दोरी सोडताना बोटं कशी वाचवायची, हे कुणी आधी सांगत नाही. वाट शोधणारा नेव्हिगेटर एकच असतो. बाकीचे दहा-बारा जण होडी चालती ठेवतात, आणि नवख्याला काम करायचं असतं ते त्यांच्यात. हा लेख त्या कामाविषयी आहे.

१. आधी होडी समजून घ्या

लांबी सुमारे ६२ फूट, दोन डोलकाठ्या, दोन हलांच्या मधे लाकडी डेक आणि वर एक छोटंसं छप्पर. हल प्लायवूड, फायबरग्लास आणि रेझिनचे आहेत. आकार आणि शिडांची धाटणी मात्र जुन्या पॉलिनेशियन होड्यांची. तुळया हलांना दोरीनं आवळून बांधलेल्या असतात, आणि ते मुद्दाम केलेलं आहे: दोन हल दोन वेगळ्या लाटांवर असताना सांधा थोडा हलला पाहिजे. ताठ सांधा तडकतो. सगळ्या बांधण्यांची दोरी सरळ पसरली तर काही मैल भरेल.

हे शब्द पहिल्याच आठवड्यात तोंडात बसायला हवेत, कारण हुकूम याच शब्दांत येतात:

- वाआ: होडी
- इआको: हल जोडणाऱ्या आडव्या तुळया
- किआ: डोलकाठी
- पेआ: शीड
- कौला: दोरी
- होए: वल्हं
- होए उली: मागचं मोठं सुकाणू-वल्हं
- हुकी: ओढा
- पाउ: झालं, थांबा

एक गैरसमज आधीच दूर करू. ही होडी वल्हवत नेत नाहीत. समुद्रकिनाऱ्यावर सहा जण बसून शर्यतीत वल्हवतात ती उलांडीची होडी वेगळी. होकुलेआ सामानासकट कित्येक टन भरते. बंदरातून बाहेर काढताना तिला बहुधा दुसऱ्या बोटीनं ओढून नेतात आणि मग शिडं उघडतात. त्यामुळे वल्हवण्याचा सराव वाया जात नसला तरी क्रूमध्ये निवड त्यावर होत नाही.

२. दार ड्राय डॉकमध्ये आहे

होकुलेआ आणि तिची २०१२ मध्ये पाण्यात आलेली सोबतीण हिकिआनालिया या दोन्ही होड्या पॉलिनेशियन व्हॉयेजिंग सोसायटी चालवते. ही संस्था १९७३ मध्ये स्थापन झाली आणि तिचं काम होनोलुलूच्या सँड आयलंडवरून चालतं. पण दार तेवढं एकच नाही. बिग आयलंडवर माकालीई, माउईवर मोओकिहा ओ पीइलानी, काउआईवर नामाहोए अशा होड्या आहेत आणि प्रत्येकीच्या पाठीशी स्थानिक मंडळी आहेत. तुम्ही न्यूझीलंडला राहत असाल तर हवाईपर्यंत जाण्याआधी तिथल्या वाका हौरुआच्या, म्हणजे माओरींच्या दोन हलांच्या होड्यांच्या, मंडळींकडे चौकशी करा. परंपरा एकाच घराण्याची आहे आणि नियमित हजेरी लावणं तुम्हाला तिथे जमेल.

हजेरी हाच मुद्दा आहे. क्रूची जाहिरात निघत नाही आणि पैसे भरून जागा मिळत नाही. होडी पाण्याबाहेर काढून दुरुस्तीसाठी ड्राय डॉकमध्ये येते तेव्हा शनिवार-रविवारी हातांची गरज असते. तिथे या, कामाला लागा, पुन्हा या. त्यानंतर दिवसभराच्या सराव सफरी, मग बेटांमधल्या सफरी आणि त्यातून निवड झाली तर खोल समुद्र. यात वर्षं जातात. पंधरा दिवसांच्या सुट्टीत हे होणार नाही. सुट्टीतच जायचं असेल तर ड्राय डॉकमध्ये काम करायला जा. त्यातूनही होडी बरीच कळते.

कामाचं स्वरूप: जुनं वार्निश घासणं, नवं लावणं, फायबरग्लासची डागडुजी आणि दोऱ्यांची बांधणी. घासताना आधी ८० नंबरचा सँडपेपर, मग १२०, शेवटी २२०. घाईनं मधला टप्पा गाळला की ८० चे ओरखडे वार्निशखाली कायमचे दिसतात. रेझिनची पूड छातीत जाते, म्हणून कापडी मास्कवर भागवू नका, फिल्टरचा मास्क लावा.

बांधणी शिकण्यात सगळ्यात जास्त वेळ घाला, कारण पुढे समुद्रात तुमचा जीव तिच्यावर असतो.

- दोरीचा पीळ आधी पूर्ण काढा. ताण दिल्यावर पिळाचा वेढा पडला की तो सुटत नाही.
- फेरे शेजारीशेजारी बसले पाहिजेत. एक फेरा दुसऱ्यावर चढला तर सगळा भार त्या एकावर येतो आणि पहिला तोच झिजून तुटतो.
- एकानं दोरी लाकडी दांड्याला गुंडाळून अंगाच्या भारानं ओढायची, दुसऱ्यानं आधीच्या फेऱ्यांवर लाकडी हातोडीनं ठोकत ढिलाई पुढे सरकवायची. ठोकण्याचा आवाज "थप्प"वरून "टण्ण" झाला की फेरा बसला.
- मुख्य फेरे झाले की त्यांच्या मधून आडवे फेरे घ्यायचे. ते आधीच्या फेऱ्यांना चिमटतात आणि बांधणीला खरा ताण यांच्यामुळे येतो.
- दोरी कधीही तळव्याला किंवा बोटांना गुंडाळून ओढू नका. समोरच्यानं ताण दिला की हात अडकतो.

पूर्वी या बांधण्या नारळाच्या काथ्याच्या असत. आज होकुलेआवर कृत्रिम धाग्याची दोरी असते. ती कुजत नाही, पण ऊन आणि मिठाचे कण तिला आतून खातात. म्हणून दिसायला धडधाकट असलेली बांधणीही ठरावीक काळानं सोडून नव्यानं करतात.

३. कागदपत्रं

सर्वाधिक घोळ इथे होतो, विशेषतः भारतीय पासपोर्टवर.

- पासपोर्ट: शेवटच्या मुक्कामाच्या तारखेनंतर किमान ६ महिने वैध.
- अमेरिकेचा व्हिसा: होडीतून हवाईबाहेर जाऊन परत येणार असाल तर एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा हवा. पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा करण्याला मर्यादा आहेत, नोकरीच्या व्हिसाला त्याच्या वेगळ्या अटी. संस्थेशी आणि इमिग्रेशन वकिलाशी आधी लेखी बोला, तोंडी "चालतंय" यावर विसंबू नका.
- मार्गावरच्या प्रत्येक देशाचा व्हिसा. ताहिती फ्रेंच पॉलिनेशियात येतं आणि युरोपचा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालत नाही.
- डॉक्टरांचं प्रमाणपत्र, रक्तगट, ॲलर्जी आणि नेहमीच्या औषधांची चिठ्ठी.
- दातांची तपासणी. समुद्रात तिसऱ्या आठवड्यात दाढ ठणकली तर वेदनाशामक गोळीपलीकडे काही उपाय नसतो.
- प्रथमोपचार आणि सीपीआरचं प्रमाणपत्र.
- विमा: नेहमीच्या प्रवासविम्यातून खोल समुद्रातली शिडाची सफर बहुतेकदा वगळलेली असते. अपवादांचं पान वाचा. समुद्रातून सुटका आणि वैद्यकीय हलवाहलव त्यात असायलाच हवी.
- विमानाचं परतीचं तिकीट, तारीख बदलता येईल असं. लांब सफरीत बंदरावर क्रू बदलतो आणि तुम्ही विमानानं परतता. होडी कोणत्या दिवशी पोहोचेल हे वाऱ्यावर अवलंबून असतं. ठरल्या तारखेनंतर दहा दिवस तरी मोकळे ठेवा आणि ऑफिसात तसं आधीच सांगा.

या सगळ्याच्या दोन प्रती प्लास्टिकच्या बंद पिशवीत, एक होडीवर आणि एक घरी.

४. पोहणं आणि गाठी

पोहण्याची चाचणी असते. तिचे आकडे संस्थेगणिक बदलतात, तरी तयारी म्हणून उघड्या समुद्रात न थांबता दीड किलोमीटर आणि एका जागी तरंगत अर्धा तास, एवढं जमायला हवं. तलावात जमलं म्हणजे समुद्रात जमेल असं धरू नका. लाट तोंडावर येत असताना श्वासाची लय राखणं हे वेगळं कौशल्य आहे.

गाठी पाच पुरतात: बोलाइन, क्लोव्ह हिच, फिगर एट, एक पूर्ण वेढा आणि दोन हाफ हिच, आणि क्लीटवर, म्हणजे डेकवरच्या खुंटीवर, दोरी अडकवणं. पाचही डोळे मिटून, ओल्या हातांनी, पाठीमागे हात नेऊन बांधता आल्या पाहिजेत. तितकंच महत्त्वाचं आहे सोडणं. शिडाच्या ताणलेल्या दोरीचे क्लीटवरचे आडवेतिडवे वेढे काढा, पण शेवटचा पूर्ण वेढा ठेवा आणि त्याच्या घर्षणावर दोरी इंचाइंचानं सैल सोडा. तो वेढाही एकदम काढला की दोरी हातातून सुटते आणि तळव्याची साल घेऊन जाते.

५. आकाशाचा सराव घरूनच करा

इथे महाराष्ट्रातल्या वाचकाला खरा फायदा आहे. मुंबईचा अक्षांश सुमारे १९ अंश, नागपूर आणि होनोलुलू दोन्ही २१ च्या आसपास. म्हणजे हवाईच्या डोक्यावरून जे तारे जातात तेच आपल्याही डोक्यावरून जातात.

होकुलेआ म्हणजे आपली स्वाती, हिकिआनालिया म्हणजे चित्रा, माकालीई म्हणजे कृत्तिका, होकुपाआ म्हणजे ध्रुव. मार्चअखेरीस रात्री आठच्या सुमारास पूर्व क्षितिजावर पाहा: स्वाती पूर्वेच्या थोडी उत्तरेला आणि चित्रा थोडी दक्षिणेला, जवळपास एकाच वेळी उगवतात. मेच्या उत्तरार्धात रात्री साडेदहा-अकराला स्वाती मुंबईत जवळजवळ थेट डोक्यावर असते. हवाईच्या बेटांवरूनही ती माथ्यावरूनच जाते, म्हणून दक्षिणेकडून परतणाऱ्या होडीला ती हवाईचा अक्षांश सांगते. ताहितीच्या माथ्याजवळून जाणारा तारा व्याध.

दुसरा सराव त्रिशंकूचा. मेमध्ये रात्री नऊच्या आसपास, दक्षिणेला क्षितिज मोकळं असेल अशा जागी, तो सरळ उभा असताना पाहा. वरच्या आणि खालच्या ताऱ्यांत सुमारे ६ अंश अंतर आहे. होनोलुलूहून खालचा तारा क्षितिजापासून जवळपास तेवढाच वर दिसतो. मुंबईहून तो सुमारे ८ अंश वर असतो आणि रत्नागिरीहून १० च्या जवळ. दक्षिणेला जाऊ तसा ध्रुव खाली सरकतो आणि त्रिशंकू वर चढतो. अक्षांश ओळखण्याची ही साधी, भरवशाची रीत आहे. हात पूर्ण ताणून अंगठा क्षितिजावर टेकवा आणि कुठलं बोट किती अंशांवर येतं ते ध्रुवावरून स्वतःच्या हातापुरतं ठरवून घ्या. प्रत्येकाचा हात वेगळा असतो, दुसऱ्याचं माप उसनं चालत नाही.

नेव्हिगेटरचं ताऱ्यांचं होकायंत्र मनात असतं. क्षितिजाची ३२ घरं, प्रत्येक ११.२५ अंशांचं. पूर्व हिकिना, पश्चिम कोमोहाना, उत्तर आकाउ, दक्षिण हेमा. हिकिनाकडून आकाउकडे जाताना मधली सात घरं ला, आइना, नोइओ, मनू, नालानी, ना लेओ, हाका. हीच सात नावं चारही चतुर्थांशांत येतात. ईशान्य चतुर्थांश कोओलाउ, आग्नेय मालानाइ, नैर्ऋत्य कोना, वायव्य होओलुआ. स्वाती उगवते आइना कोओलाउमध्ये, चित्रा ला मालानाइमध्ये. क्रूला सगळे तारे पाठ नसले तरी चालतं. घरांची नावं मात्र पाठ हवीत, कारण सुकाणूवर तुम्हाला दिशा घराच्या नावानं सांगितली जाईल.

६. सामान

जागा एका पेटीची. बर्फ ठेवायची झाकणबंद कूलर पेटी अनेक जण वापरतात, कारण ती पाणी आत घेत नाही आणि बसायलाही चालते. तिच्यात मावेल तेवढंच न्या.

- पावसाळी जाकीट आणि पँट, चांगल्या प्रतीची. उष्ण कटिबंध आहे म्हणून थंडी नसेल ही सर्रास होणारी चूक. रात्री दोन वाजता, अंग ओलं, वारा सतत, अशा वेळी दात वाजतात.
- लोकरीचा किंवा फ्लीसचा एक थर, लोकरीची टोपी.
- लवकर वाळणारे कपडे. जीन्स नको, ती पूर्ण सफरीत वाळत नाही.
- कृत्रिम भरणाची स्लीपिंग बॅग. पिसांची भिजली की निकामी.
- लाल प्रकाशाचा हेडलँप. पांढरा उजेड डोळ्यांची अंधाराची सवय मोडतो, आणि ती परत यायला वीस-तीस मिनिटं लागतात. पाळीवरच्या सगळ्यांची मोडते.
- दोरीला बांधलेला चाकू, कंबरेला.
- भांडी घासायचा द्रव साबण, अंघोळीसाठीसुद्धा. अंगाचा नेहमीचा साबण खाऱ्या पाण्यात फेसत नाही.
- मळमळीची गोळी. घरी एकदा घेऊन बघा, काहींना तिनं फार झोप येते.
- रुंद कडांची, हनुवटीखाली बांधता येणारी टोपी, सनस्क्रीन, पाण्याची खुणेची बाटली.

मोबाइल आणि जीपीएस असलेलं मनगटी घड्याळ यांबद्दल कॅप्टनला आधी विचारा. साधा नियम असा की होडी कुठे आहे हे नेव्हिगेटरला कुठल्याही उपकरणावरून कळता कामा नये. तुमच्या मनगटावरचा एक आकडा त्याच्या अनेक दिवसांच्या हिशेबावर पाणी पाडू शकतो.

७. पाळ्या

क्रूच्या तीन तुकड्या होतात: ६ ते १०, १० ते २, २ ते ६. सकाळी आणि रात्री तीच पाळी. म्हणजे चार तास काम, आठ तास सुटका. कॅप्टन आणि नेव्हिगेटर पाळ्यांच्या बाहेर. नेव्हिगेटर जवळजवळ सतत जागा असतो, अधूनमधून थोडा डोळा लागतो तेवढाच.

पाळीच्या पंधरा मिनिटं आधी कपडे घालून, हार्नेस (होडीला अडकवायचा सुरक्षा पट्टा) बांधून डेकवर हजर राहा. आधीच्या तुकडीकडून चार गोष्टी समजून घ्या: कोणतं घर धरलंय, वारा आणि उसळी (लांब, संथ लाट) कुठून आहे, कोणती शिडं उघडी आहेत, कुठे काही झिजतंय का. मग प्रत्येक हलमधलं पाणी तपासून पंप मारायचा. कालच्यापेक्षा जास्त पाणी निघालं तर लगेच सांगा. गळतीची पहिली खूण हीच असते.

तुकडीत एक सुकाणूवर, एक टेहळणीला, बाकीचे शिडांच्या दोऱ्यांवर, आणि दर तासाला जागा बदलायच्या. वेग मोजायला उपकरण लागत नाही. पुढच्या इआकोपासून मागच्या इआकोपर्यंत अंतर ४२ फूट धरलं तर फेसाचा एक बुडबुडा तेवढं जायला किती सेकंद घेतो ते मोजा आणि २५ ला त्या आकड्यानं भागा. पाच सेकंद लागले तर वेग पाच नॉट, म्हणजे ताशी पाच सागरी मैल.

८. सुकाणू धरताना

होए उली माणसाच्या उंचीच्या तिप्पट लांब असतं आणि खवळलेल्या पाण्यात ते धरायला दोन-तीन जण लागतात. गाडीच्या चाकासारखं ते सतत फिरवायचं नसतं. पातं खोल दाबलं की मागच्या बाजूला पाण्याचा विरोध वाढतो आणि नाक वाऱ्यापासून दूर वळतं. पातं वर उचललं की नाक वाऱ्याकडे येतं. शिडं नीट जुळवली तर होडी बराच वेळ स्वतःच दिशा धरते. सुकाणूवर सारखा झगडा होत असेल तर आधी शिडांकडे बघा.

नवखा माणूस हमखास करतो ती चूक म्हणजे एकाच ताऱ्याकडे टक लावणं. तारा सरकतो, आणि अर्ध्या तासानं होडी त्याच्यामागे भलतीकडे गेलेली असते. उगवता किंवा मावळता तारा क्षितिजाजवळ असेपर्यंतच कामाचा. तो वर चढला की त्याच घरातून पुढचा तारा घ्या. शिडाची कड किंवा डोलकाठीची दोरी आणि तारा यांची जागा मनात पक्की करा. कठड्यावर दोन्ही बाजूंना आठ-आठ खुणा असतात. मागच्या एका बिंदूवरून त्यांच्याकडे पाहिलं की घरांच्या दिशा मिळतात.

ढग आले की उसळीवर चालवायचं. उसळी म्हणजे दूरच्या वाऱ्यानं उठवलेली लांब, संथ लाट. जवळच्या वाऱ्याची चुरचुरीत लाट वेगळी. उसळी सहसा काही दिवस तरी दिशा बदलत नाही. सूर्योदयाला सूर्याच्या घरावरून तिची दिशा पक्की करतात आणि मग रात्री पायांखाली ओळखतात: आधी डाव्या हलचं नाक उचललं जातं, मग उजव्या, आणि मग शेपूट. हा क्रम बदलला तर होडी वळली. डोळे मिटून बसून हे ओळखण्याचा सराव मोकळ्या वेळात करा.

वाऱ्यावर चढताना होडी वाऱ्याशी साधारण ७० अंश ठेवूनच चालते. त्याहून आत नेली तर वेग मरतो. हवाई ते ताहिती जाताना हेच सांभाळायचं असतं. ईशान्येचा व्यापारी वारा असतानाच पूर्वेकडचं अंतर कमवावं लागतं, नाहीतर पुढे आग्नेयेच्या वाऱ्यात ताहिती वारा येतो त्या बाजूला राहून जातं. या दोन वाऱ्यांच्या मधे विषुववृत्ताच्या थोडं उत्तरेला डोलड्रम्सचा पट्टा येतो: वारा पडलेला, चहूकडून ढग, मधेच जोराचा पावसाचा झोत. झोत येताना दिसला की शिडं डोलकाठीशी आवळून बंद करायची. "बंद करा" ऐकल्यावर विचारायला थांबू नका.

९. झोप, पाणी, खाणं, संडास

झोपायची जागा हलच्या वर, कॅनव्हासच्या आडोशाखाली. एक माणूस जेमतेम मावतो आणि ती दोघांत वाटलेली असते, एक पाळीवर गेला की दुसरा झोपतो. खाली त्याच हलमध्ये धान्य आणि पाण्याचे कॅन. कॅनव्हास गळतो. झोपण्याचे कपडे वेगळ्या बंद पिशवीत ठेवा आणि काहीही झालं तरी पाळीवर घालू नका. हा एक कोरडा जोड सफर सुसह्य करतो.

पाणी माणशी दिवसाला साधारण तीन लिटर धरतात. बारा माणसं आणि तीस दिवस म्हणजे १,०८० लिटर, टनाहून अधिक वजन. म्हणून अंघोळ, भांडी सगळं समुद्राच्या पाण्यानं. बादली दोरीला बांधूनच टाका आणि दोरी हाताला गुंडाळू नका, चालत्या होडीत भरलेली बादली माणसाला ओढते. अंघोळीनंतर ओल्या फडक्याला थोडं गोडं पाणी लावून काखा, जांघा आणि बसायची जागा पुसा. मीठ राहिलं की पुरळ, आणि पुरळ चिघळलं की गळू.

स्वयंपाक डेकवर गॅसच्या शेगडीवर. भात, डबाबंद पदार्थ आणि गळाला लागलेला मासा हे मुख्य. शाकाहारी असाल तर रसद बघणाऱ्याला महिनाभर आधी सांगा, ऐन वेळी नाही. मेतकूट, शेंगदाण्याची कोरडी चटणी, आमसुलं ही शिदोरी टिकते आणि भातावर चालते.

मळमळ पहिले तीन दिवस जास्त. गोळी निघायच्या आदल्या रात्रीपासून घ्या. डेकवर, क्षितिजाकडे बघत राहा, घोट घोट पाणी प्या, सुकी बिस्किटं खा. उलटीच्या भीतीनं पाणी बंद करणारे दुसऱ्या दिवशी आडवे होतात.

संडास होडीच्या मागच्या टोकाला, कठड्याबाहेर, आडोशामागे. आधी पाळीवरच्या एकाला सांगा, हार्नेस अडकवा, मग जा. परत आल्यावर पुन्हा सांगा. माणसं होडीवरून पडतात ती बऱ्याचदा याच वेळी. लाज बाजूला ठेवावी लागते. लुंगी किंवा मोठं फडकं गुंडाळून जाणं सोयीचं, स्त्रियांना विशेषतः. मासिक पाळीसाठी लागणारं सामान पूर्ण सफरीपुरतं न्या आणि वापरलेलं बंद पिशवीत परत आणा. प्लास्टिक समुद्रात टाकायचं नाही.

१०. कुणी पाण्यात पडलं तर

मार्च १९७८ मध्ये होकुलेआ मोलोकाई खाडीत वादळी वाऱ्यात एका हलमध्ये पाणी भरून उलटली. क्रूमधले एडी आइकाउ हे ओआहूवरच्या वाइमेआ किनाऱ्याचे नावाजलेले जीवरक्षक सर्फबोर्ड घेऊन मदत आणायला निघाले आणि परत आले नाहीत. बाकीचे वाचले. तेव्हापासून लांब सफरीत सोबतीची बोट असते, आणि हार्नेसच्या नियमाला सवलत नाही.

शिडाची होडी जागेवर थांबत नाही आणि मागे वळायला वेळ घेते. पाच नॉट वेगात पडलेला माणूस एका मिनिटात दीडशे मीटर मागे राहतो आणि लाटांत डोकं दिसेनासं होतं. म्हणून क्रम असा:

- पाहणाऱ्यानं ओरडायचं आणि बोट दाखवायचं. त्यानं दुसरं काहीही करायचं नाही, नजर आणि बोट हटवायचं नाही.
- मागच्यानं तरंगणारा बांबू, रिंग, दिवा जे बांधून ठेवलंय ते लगेच फेकायचं.
- बाकीच्यांनी शिडं बंद करायची.
- कॅप्टननं रेडिओवर सोबतीच्या बोटीला कळवायचं.

मागून कुणीही उडी मारायची नाही. रात्री आणि वारा वाढल्यावर हार्नेस अडकवूनच हलायचं, एकट्यानं पुढच्या टोकाला जायचं नाही.

११. रीतभात

चढण्याआधी परवानगी विचारा. निघताना आणि पोहोचल्यावर सगळे गोल उभे राहून पुले म्हणजे प्रार्थना करतात, त्यात गप्प उभं राहिलं तरी चालतं. ओली म्हणजे मंत्रासारखे उच्चार कुणी शिकवले तरच म्हणा, इंटरनेटवरून पाठ करून नाही. ज्येष्ठांना अंकल, आंटी म्हणतात, नुसत्या नावानं हाक मारत नाहीत. आणि होडीवरचं काम कुणी सांगायची वाट बघू नका. ओली दोरी पसरलेली दिसली की गुंडाळा, भांडं दिसलं की धुवा. पुढच्या सफरीला कुणाचं नाव घ्यायचं हे ठरताना हेच आठवलं जातं.

१२. किनाऱ्याला लागल्यावर

बेट डोळ्यांना दिसण्याआधी पक्ष्यांवरून कळतं. पांढरी कुररी आणि नोइओ (काळसर कुररी) रात्री जमिनीवर परततात, म्हणून संध्याकाळी ते कुठे जातात ते बघून सांगा. सकाळी ते जमिनीकडून समुद्राकडे येतात, तेव्हाची दिशा उलटी धरायची.

बंदरात शिरण्याआधी उरलेली फळं, भाज्या, मध, बिया वेगळ्या काढा आणि सगळं जाहीर करा. न्यूझीलंडसारख्या देशात तपासणी कडक असते, बुटाच्या तळव्याला चिकटलेली मातीही चालत नाही. आमसुलं उरली असतील तर तीही फॉर्मवर लिहा. इमिग्रेशन आणि क्वारंटाइनची मंजुरी मिळेपर्यंत कुणीही उतरायचं नाही, घरचे धक्क्यावर हात हलवत असले तरी.

स्वागत झाल्यावर थकवा एकदम जाणवतो, आणि नेमकी तेव्हाच दोन दिवसांची कामं समोर असतात: दोन्ही हल रिकामे करणं, गोड्या पाण्यानं डेक आणि दोऱ्या धुणं, शिडं वाळवून घडी घालणं, प्रत्येक बांधणीवर हात फिरवून झिजलेल्या जागा वहीत लिहिणं. पुढच्या टप्प्याचा क्रू याच होडीवर चढणार असतो. त्यांना ती वही हातात द्या, कोणता कॅन गळतो आणि कोणत्या क्लीटची दोरी निसटते ते दाखवा, मग विमान पकडा.